पहिल्या थंडीचं विरजण

"लागलं काय वं?"

लग्न होऊन सासरी आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी चुलीसाठी लाकडं घ्यायला अंगणाबाहेर आले, तर कोपऱ्यावरच्या शेकोटीभोवती बसलेल्या घोंगड्यांमधून कुणीतरी मला विचारलं. घोंगड्याच म्हणते, कारण माणूस असा एकही दिसत नव्हता. घोंगडी, तिच्यावर कानटोपी, कानटोपीवर मफलर आणि मधल्या फटीतून दोन डोळे. असे आठ-दहा जण जाळाभोवती बसले होते.

"काय लागलं?" मी विचारलं.

"दही वं माय! दुसरं काय इचारीन मी सकायी सकायी?"

सगळ्या घोंगड्या हसल्या. मी लाकडं तिथेच टाकून घरात पळाले.

आता हे दह्याचं काय ते सांगायला हवं. आमचं बोरपाटी गाव चिखलदऱ्याच्या अलीकडे, पठारावर. हिवाळ्यात तिथे दही लागत नाही. विरजण लावून चुलीजवळ ठेवा, कोंड्यात पुरा, घोंगडीत गुंडाळा, सकाळी दूध जसंच्या तसं. दही नाही तर लोणी नाही, लोणी नाही तर तूप नाही, आणि तुपावर तर तिथल्या घरांचा अर्धा बाजार चाले. म्हणून गावानं फार पूर्वीच एक सोय काढून ठेवली होती. विरजणाचा गंज, म्हणजे पातेलं, पोत्यात गुंडाळून घरातल्या सगळ्यात गरम अंथरुणात ठेवायचा. आणि घरात नवीन लग्न झालेलं असलं, तर सगळ्यात गरम अंथरूण कुणाचं, यावर गावात कधी वाद झाला नाही.

पहिल्या रात्री सासूबाई गंज घेऊन आमच्या खोलीत आल्या, तो दोन उशांच्या बरोबर मध्ये ठेवला, वर झाकण नीट बसवलं आणि म्हणाल्या, "लवंडू नका दोघंबी." आणि दार ओढून गेल्या. मला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

खरी गंमत पुढे होती. सकाळी दही घट्ट लागलं तर जोडी जमली, पातळ राहिलं तर काहीतरी बिनसलं, असा त्याचा अर्थ लावायचे. शेकोटीवर रोज सकाळी त्याची चौकशी व्हायची. बाजारभाव विचारावा तितक्या सहजपणे.

मी अकोल्याची. आमचं अकोलं कसं तापतं ते मी सांगायला नको. मी अशा गावात पडलेच कशी, त्याचीही एक गोष्ट आहे. मला पाहायला हे आणि यांचे मामा आले ते मे महिन्यात. बाबा कापसाच्या जिनिंगमधून नुकतेच घरी आलेले, डोक्यावर ओला पंचा. मामा सहज बोलून गेले, "आमच्याकडे बाप्पा उन्हाळ्यातबी रातच्याले चादर घ्या लागते."

"चादर?" बाबांनी विचारलं.

"हाव. पातळ नाई, जाड."

"मे मयन्यात?"

संपलं. बाबांनी पुढे काही विचारलंच नाही. शेती किती, खव्याची भट्टी यांची स्वतःची का भाड्याची, मुलगा काय शिकला, काही नाही. पाहुणे गेल्यावर आईनं विचारलं, "पोरगा कसा वाटला?" तर बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात चादर घेतात वं ते!" माझं लग्न त्या चादरीशी ठरलं, असं मी पुढे सगळ्यांना सांगायची. लग्न झालं मात्र मार्गशीर्षात. मे महिन्यात ज्यांना चादर लागते त्यांना मार्गशीर्षात काय लागतं, हा विचार आमच्या घरात कुणाच्याही डोक्यात आला नव्हता.

बोरपाटीच्या थंडीत माणसांच्या तऱ्हा बघाव्यात. अकोल्यात कुणी भेटलं की 'जेवण झालं काय' विचारतात. इथे 'आंघोळ झाली काय' असं विचारणं म्हणजे सरळ भांडण उकरून काढणं. म्हशींना पोत्यांचे झगे शिवलेले. कोंबड्या खाटेखाली. स्वेटर दसऱ्याला अंगात चढायचा तो होळीला उतरायचा, कारण धुतला तर वाळायचा कधी? गावात माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसत, मफलरवरून ओळखत. एकदा उकंडा आजांनी आपल्या भावाचा मफलर घातला, तर त्यांच्या बायकोनं त्यांना दिवसभर दीर समजून मान दिला आणि आजांनी तो घेतला.

माझ्या नवऱ्याचंही तेच. दिगंबर त्यांचं नाव, घरात दिगू. पहाटे भट्टीवर जायचे, दूध आटवायचे, संध्याकाळी परत. कानटोपी झोपतानाही डोक्यावर. मी ज्या माणसाशी लग्न केलं त्याचे कान कसे आहेत हे मला माहीत नव्हतं. बोलणंही बेताचंच.

आमच्या अंगणात दुपारी उन्हाचा एक तुकडा यायचा. त्यात मी, कोंबड्या आणि खोबरेल तेलाची बाटली. ऊन सरकलं की आम्ही सगळे सरकायचो. तिथे उभी राहून मी अकोल्याचा विचार करायची. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडलं की उठणारी वाफ, तळव्यांना लागणारी ती ऊब, कुरडया घालताना मानेवरून ओघळणारा घाम. त्या घामासाठी माझा जीव तुटायचा. लोकांना माहेरची माणसं आठवतात, मला माहेरचा घाम आठवायचा आणि डोळे भरून यायचे.

एका संध्याकाळी यांनी मला तशी उभी पाहिली. ऊन कधीच गेलं होतं, मी तिथेच होते.

"लय थंडी वाजते?" त्यांनी विचारलं.

"मले अकोल्याले जायचं आहे."

"संक्रांतीले येतीन तुये बाबा. जाशीन मंग," म्हणाले आणि आत गेले.

मी जाणार होतेच. पण परत यायचं नाही, हे मी मनात पक्कं करून ठेवलं होतं. यांचा काही दोष होता असं नाही. पण जिथे उशीवर डोकं ठेवलं की उशी ओली लागते, जिथे बोलायला तोंड उघडलं की दात वाजतात, आणि ज्याच्याशी बोलायचं तो घोंगडीत, तिथे सगळा जन्म काढायचा ही कल्पनाच मला सोसत नव्हती. संक्रांतीची मी वाट पाहत होते.

आणि त्या गंजाला तर मी दुसऱ्या रात्रीपासूनच बाहेर काढलं होतं. सासूबाई ठेवून गेल्या, दिवा मालवला, की मी तो हळूच उचलून माझ्या बाजूला खाली जमिनीवर ठेवून द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. जमीन म्हणजे बर्फ. तरी सकाळी दही घट्ट! मला जाग येईपर्यंत हे उठून गेलेले असायचे आणि गंज स्वयंपाकघरात पोचलेला असायचा. सासूबाई उलथनं उभं करून दाखवायच्या. "पाह्य, कसं उभं रायलं ते," म्हणत त्या शेकोटीवर सांगायला निघायच्या.

मला मनातल्या मनात हसू फुटायचं. म्हणजे हे सगळं थोतांडच होतं तर! दही जमिनीवरही लागतं, आणि हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पातेली अंथरुणात घेऊन झोपताहेत. अकोल्याला जाऊन मैत्रिणींना सांगायला मला चांगलाच मसाला मिळाला होता.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी बाबा आले. धोतर, सुती सदरा, हातात कापडी पिशवी. एस. टी.तून उतरल्याबरोबर त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "वा! काय थंडावा आहे! याले म्हणते हवा!"

"बाबा, स्वेटर आणला काय?"

"काहून? मी काय म्हातारा झालो काय?"

दिवस मावळेपर्यंत ते थंडाव्याचं कौतुक करत होते. दिवेलागणीला गप्प झाले. जेवणं होईपर्यंत त्यांच्या अंगावर यांचा जुना कोट, सासऱ्यांची ठेवणीतली घोंगडी आणि डोक्याला सासूबाईंचं नऊवारी लुगडं गुंडाळलेलं होतं. सकाळी उजाडायच्या आत ते शेकोटीवर होते, सगळ्यात पुढे, जाळाला जवळजवळ खेटून.

मी आणि सासूबाई चहा घेऊन गेलो, तेव्हा बाबा रंगात आले होते. "मायी पोरगी सुखात पडली बाप्पा," ते उकंडा आजांना सांगत होते. "उन्हाळ्यात अकोल्यात आमी भाजून निघतो, अन्‌ पोरगी अथी चादर घेऊन झोपीन."

"सुखात तं आहेच," आजा म्हणाले. "रोज दही लागते ना."

"दही?" बाबांना काही कळेना.

तेवढ्यात हे भट्टीवरून आले. पाहुण्यांसाठी लाकडाचा मोठा ओंडका खांद्यावर आणला होता. तो जाळात नीट सारायला वाकले आणि अंगावरची घोंगडी खांद्यावरून घसरून खाली पडली. उचलायला ते सरळ झाले, तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्यांच्या पोटाकडे गेलं.

पांढऱ्या स्वेटरवर, बरोबर पोटाशी, काजळीचा मोठा काळा अर्धगोल उमटला होता. एका दिवसाचा नव्हे. एकावर एक बसत गेलेला, मध्ये गडद आणि कडेला फिकट.

चुलीवरच्या पातेल्याची काजळी ओळखायला त्या गावात कुणाला चष्मा लागत नव्हता. गंज दोघांच्या मध्ये पोत्यात गुंडाळून ठेवला तर कुणालाच काजळी लागत नाही. ती लागते पोतं काढून, एकट्यानं, सबंध रात्र पोटाशी धरला तरच.

"अबे दिगू," उकंडा आजा म्हणाले, "सुनेच्या वाटचं दहीबी तूच लावून रायला काय बे?"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. बाबाही हसले, सगळे हसतात म्हणून. "काय झालं? मलेबी सांगा ना!" आणि आजांनी त्यांना सगळी रीत पहिल्यापासून समजावून सांगितली. गंज, अंथरूण, नवी जोडी, सकाळची चौकशी. मी किटली हातात धरून तिथेच खिळले होते. बाबांचं हसू हळूहळू उतरत गेलेलं मी पाहिलं.

"नाई आजा," हे म्हणाले. घोंगडी त्यांनी परत अंगावर ओढली होती. "मलेच लय थंडी वाजते. त्या दुधाची ऊब लागते म्हणून मीच घेतो जवळ. तिले नाई देत मी."

विरजणाच्या दुधाला कसली आली ऊब! कोमटाचं थंड व्हायला तिथे दोन घटका लागत नाहीत, हे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. सासूबाईंनी माझ्या हातातली किटली घेतली, कपात चहा ओतायला लागल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरात आल्यावर बाबांनी डोक्याचं लुगडं सोडलं आणि मला जवळ बोलावलं.

"पोरी, खरं सांग. नाई करमत तुले अथी?"

"मले घेऊन चला, बाबा."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मी पेटी भरली. सासूबाई तुपाचा डबा घेऊन आल्या, साड्यांच्या मध्ये तो नीट बसवला. "तिकडे पोळीवर घ्याले होईन," म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "याच दह्याचं आहे."

पेटी घेऊन हे आमच्याबरोबर फाट्यापर्यंत आले. तिथे एका खडकावर ऊन होतं, बाबा लगेच त्यात जाऊन बसले. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला.

"तुमी काहून घेत होते जवळ?" मी विचारलं. लग्नानंतर मी आपणहून त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न असेल.

ते रस्त्याकडे बघत होते. "तू खाली ठेवत होती."

"तुमाले मालूम होतं?"

"गंज जमिनीवर ठेवला का वाजते."

"मंग बोलले काहून नाई?"

"काय बोलू? तुले आधीच थंडी सोसे ना. त्याच्यात ते थंड भांडं तुयाजवळ... अन्‌ दही नसतं लागलं तं सकायी सारं गाव तुयाच तोंडाकडे पाहत बसलं असतं. मले काय, मी अथचाच."

"पोटाले थंड नाई लागे?"

"लागे ना. लय लागे." मग पहिल्यांदाच ते थोडं हसले असावेत, मफलर हलला. "पोतं असलं का एकट्याच्या अंगानं काही होये ना. म्हणून पोतं काढून टाको मी."

वळणावर गाडीचा आवाज आला. त्यांनी पेटी उचलली. "संक्रांत झाली का..." एवढं म्हणाले आणि पुढचं गिळलं. मी पायरीवर चढले तेव्हा खालून म्हणाले, "शाल घे अंगावर. खिडकीतून वारा लागीन."

मी अकोल्याला चालले होते, आणि हा माणूस मला शाल घ्यायला सांगत होता. गाडी सुटली. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहवलं नाही, हे खरं.

अकोल्यात ऊन होतं. मला हवं होतं तसं, भरपूर, अंगणभर. आईनं रात्री विरजण लावून फडताळात ठेवलं, सकाळी दही तयार. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. संक्रांतीच्या गुळाच्या पोळीवर आईनं बोरपाटीचं तूप वाढलं. "काय रवाळ आहे वं! कोण कढवते?" तिनं विचारलं. मी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तसाच हातात धरून बसले.

मी परत जात नाही म्हटल्यावर आईनं चौकशी केली.

"मारते काय तुले?"

"नाई."

"पेते काय?"

"नाई."

"मंग काय करते?"

मी काय सांगणार? रात्री सगळी झोपली की मी पोटावर हात ठेवून पडायची. तिकडे आता गंज कुणाजवळ असेल? गावानं यांना काय काय विचारलं असेल? मधे यांचे मामा बाजाराला आले होते, ते सांगून गेले, दिगू म्हणतो तिला वाटेल तेव्हा येईल, कुणी घाई करू नका. फाल्गुन लागला. ज्या गच्चीसाठी मी तिकडे झुरत होते त्या गच्चीवर आता मी अनवाणी उभी राहायची, तळवे चांगले भाजायचे, आणि मन सगळं त्या गार फाट्यावर.

चैत्रात मी बाबांना म्हटलं, "मले बोरपाटीले सोडून द्या."

"आता?" बाबा हसले. "आता तं सारेच चिखलदऱ्याले पळतात. लोक म्हणतीन, पोरगी उन्हाले भ्याली."

"म्हणू द्या."

बाबांनी निरोप धाडला होता. आम्ही फाट्यावर उतरलो. रस्त्यात एक उंच, सावळा, मोठ्या कानांचा माणूस पांढरा सदरा घालून उभा होता. मी त्याला ओलांडून पुढे निघाले, कारण मी करड्या मफलरला शोधत होते.

"पेटी देते का घेऊन जाते?" तो माणूस म्हणाला.

आवाज ओळखला आणि मी रस्त्यातच मटकन बसले. हसत होते का रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. बाबा म्हणाले, "हिले ऊन लागलं."

त्या रात्री सासूबाईंनी विरजण लावलं आणि गंज फळीवर ठेवून दिला. मी बघत होते. "आता कायले नेतं वं अंथरुणात," त्या म्हणाल्या, "आता लागते आपोआप." यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघांनीही माना खाली घातल्या. आता आम्ही बोलत होतो, हसत होतो, पण त्या गंजाचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही. ते मनात राहूनच गेलं होतं. अख्खा उन्हाळा आणि सबंध पावसाळा, अकोल्याच्या मुलीनं थंडीची वाट पाहिली.

हे जाऊन आता चार वर्षं झाली. मी मुलाकडे अकोल्यातच असते. सून फार चांगली आहे, घरात सगळी सोय आहे, आणि मला यांची फार आठवण येते. सगळं आयुष्य आठवत नाही, ते फार लांबलचक झालं. आठवते ती त्या कार्तिकातली एक संध्याकाळ. जेवणं झाली होती. दुपारपासून वारा फिरला होता आणि भांडी घासताना बोटं बधिर व्हायला लागली होती. सासूबाईंनी विरजण लावलं, फळीकडे वळल्या, थांबल्या, आणि कोपऱ्यातलं पोतं ओढून गंजाला गुंडाळलं.

"घ्या रे कोणी," दारातून त्यांनी हाक मारली.

आम्ही दोघंही एकदमच उठलो.